हलक्या कामास योग्य

ठण्णकन आवाज झाला आणि पितळी तांब्या गडगडत थेट उंबऱ्याला जाऊन टेकला.

त्याआधी घर इतकं गप्प होतं, की चुलीतलं लाकूड तडकलं तरी माणसानं वळून बघावं. तीन महिने झाले, ते असंच होतं. म्हणून तर परसात शेणी थापत बसलेल्या झुंबरबाईंनी तिथूनच हाक घातली, "शालू, फोडलास व्हय गं तांब्या?"

"न्हाई, आत्या. पडला."

"कुणाच्या हातनं?"

शालूनं नवऱ्याकडं बघितलं. गेणू भिंतीला टेकून बसला होता आणि त्याचा उजवा हात अजून तसाच वर होता, तांब्या धरल्यासारखा. परगावी गेलेला माणूस अवचित दारात उभा राहिला की आपण जसं बघतो, तसा तो त्या हाताकडं बघत होता. शालूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्याच दमात तिला हसूही फुटलं. परसाकडं तोंड करून ती म्हणाली, "उजव्या हातनं, आत्या. उजव्या हातनं पडला."

झुंबरबाई शेणाच्या हातांनी तशाच आत आल्या. लेकानं त्या हातानं घरातलं भांडं उचललंच नव्हतं, तोवर त्या हातून काही पडणार तरी कुठून? त्यांनी तांब्या उचलला. पोटाला चांगला पोचा आला होता. एरवी एवढ्यावरनं त्यांनी दोन दिवस घर डोक्यावर घेतलं असतं. आता त्यांनी पोच्यावरनं मनगट फिरवलं आणि हुकूम सोडला, की हा तांबटाकडं न्यायचा नाही, असाच राहू द्यायचा.

गेणू गवंडी इंदुरीचा. घरची जमीन भावकीत वाटून वाटून धोतराच्या काठाएवढी उरलेली, म्हणून मिसरूड फुटायच्या आधीच त्यानं थापी हातात धरली. मावळात दगडाचं काम करणारे पुष्कळ, पण कोपरा उचलावा तर गेणूनं, असं अंबाजी मेस्त्रीसुद्धा म्हणायचे, आणि अंबाजी मेस्त्री म्हणजे सख्ख्या बापाच्या भिंतीतही खोट काढणारा माणूस. दोन भिंती जिथं भेटतात तो कोपरा. तो ओळंब्याच्या दोरीला बरोबर उतरला तर पुढची भिंत कुणीही ओढावी. तो चुकला तर सारं घर कलतं. म्हणून चांगल्या गवंड्याला कोपरा देतात आणि शिकाऊला मधली भिंत.

आषाढात खंडाळ्याला एका बंगल्याच्या वरच्या मजल्याचं काम चाललं होतं. धुकं असं, की आपलाच हात आपल्याला दिसू नये. भिजलेली परांचीची फळी पायाखालून सरकली आणि गेणू दोन पुरुष उंचीवरून खडीच्या ढिगावर आला. जीव वाचला, उजवं मनगट आणि कोपर वाचलं नाही. सात आठवडे हात प्लॅस्टरात होता. प्लॅस्टर कापलं तेव्हा आतून जे निघालं ते वाळक्या शेंगेसारखं, बोटं मिटेनात, कोपर वळेना. पडल्या दिवसापासूनच गेणू मोजकं बोलायचा, आता तेही थांबलं. शालू लोकांच्या भाताला जाऊ लागली, आणि ती घरी नसताना गेणूनं थापी, हातोडा, ओळंबा सगळं एका पत्र्याच्या डब्यात घालून डबा माळ्यावर टाकून दिला.

मग कुणीतरी लोणावळ्याचं नाव काढलं. तिथं हाडांच्या एका दवाखान्यामागं मोकळं आवार होतं, बांधकामावर मोडलेल्या माणसांना तिथं पुन्हा कामाची सवय लावत. चिंगी तिसरीत होती. पहिल्या दिवशी ती आईबापाबरोबर गेली आणि फाटकावरची पाटी तिनं अक्षर अक्षर लावून वाचली, 'कामगार पुनर्वसन विभाग'. घरी येऊन आजीला सांगितली. झुंबरबाई मटकन खाली बसल्या. पानशेत फुटून तीन वर्षं झाली होती, पवनेवर नवं धरण घाटत होतं, आणि पुनर्वसन म्हणजे गाव उठणार, देव हलणार, एवढं मावळात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. "हात मोडला म्हनून घर उठवत्यात व्हय?" त्यांनी विचारलं. त्यांची समजूत घालता घालता शालूचे दोन दिवस गेले.

आवारात येणाऱ्या माणसांनी त्या पाटीला कधी भीक घातली नाही. ते त्या जागेला 'मोडक्यांची शाळा' म्हणत. डॉक्टरबाई पुण्याच्या, तिशीच्या आतल्याच असतील. माणसाचं एकेक बोट आपल्या दोन बोटांत धरून ते दुमडायचं त्यांचं काम, आणि एखादं बोट कालच्यापेक्षा गव्हाभर जास्त दुमडलं तर त्या पोरीसारख्या टाळी वाजवत. त्यांच्या हाताखाली दत्तोबा, लष्करातून आलेले. एक पाय गुडघ्याखाली लाकडाचा. शिड्या, दगड, चिखल, फावडी यांचा सगळा कारभार त्यांच्याकडं.

आधी चिंचोके उचलायचे. मग ओलं फडकं पिळायचं. मग चिखलाचे गोळे वळायचे. चौथ्या आठवड्याला बाईंनी सांगितलं, की आता घरी रोज पीठ मळा, मनगटाला त्यासारखं दुसरं औषध नाही. ते ऐकून गेणूचा चेहरा असा झाला, की शालूला तोंडाला पदर लावावा लागला.

पण हात हवा होता. त्यामुळं रोज सांजच्याला इंदुरीत एका घराचं दार आतनं बंद व्हायला लागलं. आत गेणू काटवटीत पीठ मळायचा आणि दाराबाहेर झुंबरबाई पहाऱ्याला बसायच्या. कुणी आलं तर सांगायच्या, निजलाय. एकदा शेजारची येसूबाई म्हणाली, लय निजतो की गं तुझा ल्योक, आणि निजल्यावर थापटतो काय? कारण आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मळण्यावर न थांबता गेणू आता थापायलाही लागला होता. त्याची पहिली भाकरी एका बाजूनं पापडासारखी आणि दुसऱ्या बाजूनं गावच्या गढीच्या बुरुजाएवढी जाड निघाली. चिंगीनं बुरुजाची बाजू हट्टानं मागून घेतली. ती आतून कच्ची होती, पण पोरीनं ती सगळी खाल्ली आणि वर बापाला सांगितलं, की आयेच्या भाकरीपरीस ही चिवट हाय, लय येळ पुरती. त्या दिवशी गेणू तीन महिन्यांत पहिल्यांदा हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या पडला.

दिवाळीनंतर आवारात त्याला भिंतीवर घेतलं. आवारात एक नियम होता. सकाळी चिखलात दगडाची भिंत उभारायची, आणि संध्याकाळी दत्तोबा ती पाडून टाकायचे. दुसऱ्या दिवशी तेच दगड, तीच जागा. गेणूला हे काही केल्या पटेना. बांधायचं ते पाडायला, हे कुठल्या गवंड्याच्या बापानं केलंय? पहिले काही दिवस तो मुद्दाम वाकडं बांधायचा, की पडणारच आहे तर कशाला नीट. तेव्हा शिदू त्याला छेडायचा.

शिदू ठाकर. राजमाचीच्या वाटेवरच्या वाडीतला. रस्त्याच्या कामावर दगड फोडताना दरड मांडीवर आली होती. तो काठी टेकत यायचा आणि अख्ख्या आवाराला हसवत ठेवायचा. "गेणूभाऊ," तो म्हणायचा, "ह्या भितीपाशी माझी म्हस उभी करू नका. तिनं नुसतं पाठीची माशी उडीवली तरी गवंडीकाम खाली यील." दुसऱ्या दिवशी गेणूची भिंत जरा सरळ यायची. शिदूची बायको हिरी कधी कधी त्याच्यासंगं यायची, आणि ती नि शालू बाहेर बाभळीखाली बसून एकमेकींची शिदोरी खायच्या. शिदू शिडीची पहिली पायरी काठीवाचून चढला तेव्हा डॉक्टरबाईंनी टाळी वाजवली, हिरीनं दोन्ही हातांनी त्यांच्या कानावरून बोटं मोडली, आणि ती बोटं अशी कडाकडा वाजली की बाई दचकल्या.

पौषात शिदू सुटला, चिठ्ठी घेऊन गेला. आवार जरा सुनं झालं. पण गेणूचा हात आता ऐकत होता. जड दगड उचलवत नव्हता, तो कधी उचलवणारही नव्हता, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. पण कुणी दगड आणून ठेवला, तर तो कुठल्या अंगावर बसवायचा, कुठं फटीत दगडाची चीप सारायची, कुठं थापीच्या मुठीनं एकच टोला द्यायचा, हे सगळं बोटांना आठवायला लागलं होतं. माघात एक दिवस त्यानं आवारात कोपरा उचलला. कंबरभर. संध्याकाळी दत्तोबा पहार घेऊन आले. कोपऱ्याला एक डोळा लावून वरून खाली पाहिलं, मग खालून वर पाहिलं. पहार खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे. ही पाडायची न्हाई."

शालूनं ती गोष्ट घरी जाऊन सासूला तीन वेळा सांगितली. अंबाजी मेस्त्रींच्याही कानावर गेली. वडगावला शाळेची इमारत व्हायची होती, पाडव्याला काम धरायचं होतं. मेस्त्री स्वतः इंदुरीला आले, ओट्यावर चहा प्याले आणि म्हणाले, परांचीवरनं पडलेला माणूस डाक्तरच्या कागदाबिगर कामावर घेता येत न्हाई, तेवढा कागद आण. कोपरा तुझा. पाडव्याच्या आत न्हाई आलास तर मग मला बजरंगाला द्यावा लागंल, आणि बजरंग एकदा कोपऱ्याला बसला की शाळा हुईस्तवर उठत न्हाई, तुला म्हाईत हाय.

डॉक्टरबाईंनी फाल्गुनात चिठ्ठी दिली. गेणूनं ती न उघडता टोपीत घालून आणली, आणि घरी सगळ्यांसमोर चिंगीच्या हातात दिली. माळ्यावरचा डबा त्यानं आधीच खाली काढून ठेवला होता. चिंगी चुलीपुढं उजेडात उभी राहिली, घसा खाकरला, मास्तर करतात तसा, आणि वाचलं, "गेणू रामजी… यांचा उजवा हात… बरा झाला असून… ते ह-ल-क्या, हलक्या कामास योग्य आहेत."

सगळे चिंगीकडं बघायला लागले. चिंगीला वाटलं आपलं चुकलं. तिनं परत वाचलं. परत तेच निघालं.

"हलक्या," झुंबरबाई म्हणाल्या. एवढंच. मग त्यांचा बांध फुटला. हलकं काम म्हणजे काय, हे त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं: दुसऱ्याच्या अंगणाची झाडलोट, दुसऱ्याची भांडी, दुसऱ्याचा शेणगोठा, डोक्यावर ओझी. आपल्या लेकानं सहा महिने तिथं चिखल तुडवला तो या शिक्क्यासाठी? कोपऱ्याच्या गवंड्याला? चिंगी आजीची ती बोटं बघत होती, एकेक मिटणारी.

गेणूनं चिठ्ठीची बारीक घडी केली, डब्यात ओळंब्याखाली ठेवली, आणि डबा परत माळ्यावर टाकला. घर पुन्हा गप्प झालं. पीठ मळायलाही तो बसेना. शालू रात्री कूस बदलत राहिली. पाडव्याला नऊ दिवस होते.

बाजाराच्या दिवशी ती वडगावला गेली आणि तिथं तिला हिरी दिसली, शिकेकाईची पाटी पुढं घेऊन बसलेली. शालूनं धावतच विचारलं, शिदूभाऊ कामावर रुजू झाले का.

हिरीनं शिकेकाईत हात घातला आणि उगाच चाळवत राहिली. "घरात हायेत," ती म्हणाली. "डाकतरीनीनं लिवून दिलं, ह्यो हलक्या कामाचा. चुलीत घातला कागूद. रानात ऱ्हातो म्हनून आमी हलकं व्हय, बाई? लोकं म्हनत्याती ते म्हनत्याती. तिनं म्हनायला नको हुतं."

शालू तिथंच तिच्या शेजारी बसली. बाजार भोवती चालला होता, कुणीतरी कांद्याचा भाव ओरडत होतं, आणि शालूच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: त्या बाईंनी कानाशी कडाकडा वाजणारी बोटं ऐकली होती. हिरीच्या फडक्यातली नाचणीची भाकरी मागून घेऊन खाल्ली होती. असली बाई एकाला हलकं म्हणेल, कदाचित, रागानं, चुकून. दोघांना? आणि तेही त्याच शब्दानं? लुगड्याच्या ताग्याला एका जागी डाग असला तर तो सांडलेला असतो. दर हातभर अंतरावर तोच डाग असला तर तो विणायच्या मागातलाच.

घरी येऊन तिनं सासूला सांगितलं, की मी उद्या लोणावळ्याला जाऊन येते.

"मीबी येते," झुंबरबाई म्हणाल्या. "तुला भांडता येत न्हाई."

गेणू गोठ्यात गेलेला बघून शालूनं चिंगीला माळ्यावर चढवलं आणि डब्यातली चिठ्ठी काढली. मग चिंगीलाही न्यावं लागलं, नाहीतर तिनं सांगून टाकलं असतं. पहाटे तिघी तळेगाव स्टेशनापर्यंत चालत गेल्या. वाटभर झुंबरबाई पुटपुटत होत्या. भांडणाचा पाठ चालला होता. गाडीत त्यांनी तो शालूला एकदा म्हणूनही दाखवला. चांगला जमला होता.

पण डॉक्टरबाईंनी दारातच त्यांना पाहिलं आणि हातातलं सगळं टाकून विचारलं, "अगं बाई, चिंगीच्या आजी ना तुम्ही? हात काय म्हणतोय आमचा?" आणि त्या 'आमचा'नं झुंबरबाईंचा अख्खा पाठ पुसून गेला. त्यांना एकच वाक्य उरलं.

"हात चांगला हाय," त्या म्हणाल्या. "पर आमी काय हलकी मानसं हाव व्हय, बाई?"

शालूनं चिठ्ठी पुढं केली. बाईंनी ती वाचली, उलटी केली, पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, की यात वाईट काय आहे, आणि समजावून सांगावं म्हणून त्यांनी टेबलावरचा लोखंडी ठोकळा उचलला. "हे जड," त्या म्हणाल्या. मग टाचणी उचलली. "हे हलकं. हाताला जड नको, हलकं चालेल."

झुंबरबाईंनी ठोकळा बघितला, टाचणी बघितली. शालू हळूच म्हणाली, "बाई, हलकं सामान म्हंजी वजनाचं. हलकं काम म्हंजी… ते येगळं. ते मानसाचं असतंय."

दारात दत्तोबा उभे होते. ते आधी हसले, इतके की खोकला आला, आणि मग एकदम हसायचे थांबले. लाकडी पायावर टकटक करत आत आले आणि स्टुलावर बसले. म्हणाले, लष्करात जखमी जवान बरा व्हायला लागला की त्याला 'लाईट ड्यूटी' लिहून द्यायचे. त्यात मान असायचा, नाश्ता जास्त मिळायचा. बाईंनी विचारलं याला मराठीत काय लिहू, तर मी सांगितलं, लिहा हलकं काम. ते टोपी काढून हातात फिरवत राहिले. वीस वर्षं लष्करात काढून माणूस आपलीच बोली विसरतो, असं काहीसं ते पुटपुटले.

"अशा किती चिठ्ठ्या गेल्या?" बाईंनी विचारलं.

दत्तोबांनी वही काढली नाही. त्यांना नावं पाठ होती. सव्वीस. त्यातले किती कामावर गेले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंना वाटायचं, माणसं पुन्हा आली नाहीत म्हणजे सुखानं कामाला लागली. शालूनं शिदूचं सांगितलं, चुलीत गेलेल्या कागदाचं, आणि हिरी बाजारात जे बोलली ते सगळं. ऐकताना बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावायचा विसरल्या.

मग त्या म्हणाल्या, "तुम्हीच सांगा. काय लिहू?"

झुंबरबाईंनी सुचवलं, लिवा, मानूस चांगला हाय. दत्तोबांनी सुचवलं, बेताचं काम. पण झुंबरबाई म्हणाल्या, बेताचं म्हंजी यथातथा, तसल्या गवंड्याला कोन बोलवील? खिडकीतून शालूला आवारातला तो कोपरा दिसत होता, कंबरभर, अजून उभा. आजूबाजूला दुसऱ्या कुणाची भिंत अर्धी पाडलेली पडली होती.

"ओझं उचलायचं न्हाई, येवढंच ना, बाई?" तिनं विचारलं.

"एवढंच."

"मंग दगडाच्या कामातनं ओझं काढलं तर मागं ऱ्हातं ते कसबच की. तेच लिवा. ओझं उचलू नये, कसबाचं काम करावं."

बाईंनी नवा कागद ओढला. एक लिहिला, मग दुसरा, मग दत्तोबा नावं सांगत गेले आणि बाई लिहीत गेल्या. दुपारची गाडी चुकली. कुणीतरी चहा आणला. चिंगीनं प्रत्येक चिठ्ठीवरची शाई फुंकून वाळवली, सव्वीसच्या सव्वीस, आणि शेवटी तिला भोवळ आली. ठाकरवाडीची चिठ्ठी पोस्टानं पाठवायची नाही, असं दत्तोबा म्हणाले. ती आपण स्वतः नेणार. लाकडाच्या पायानं चढ चढवंल का, असं झुंबरबाईंनी विचारल्यावर त्यांनी ताठ होऊन सांगितलं, की हे कसबाचं काम आहे, आजी.

संध्याकाळी चिंगी परत चुलीपुढं उभी राहिली. गेणू भिंतीकडं तोंड करून बसला होता. आपली चिठ्ठी डब्यातून गेली हे त्याला कळलं होतं, आणि तो रागावला होता. चिंगीनं घसा खाकरला. "गेणू रामजी यांचा उजवा हात बरा झाला आहे. त्यांनी ओझे उचलू नये. ते कसबाच्या कामास योग्य आहेत."

"परत वाच," गेणू भिंतीकडं बघतच म्हणाला.

तिनं वाचलं.

"नीट बघ. 'क' हाय का दुसरं काय हाय?"

"क च हाय, बा. कमळातला."

गेणू उठला. माळ्यावरून डबा काढला, ओळंबा बाहेर घेतला, दोरी बोटाला गुंडाळली आणि सोडली. लोखंडी लंबक झोके घेत घेत थांबला, अगदी सरळ, आणि तो हात, वाळक्या शेंगेसारखा झालेला तो हात, जरासुद्धा थरथरला नाही. झुंबरबाईंनी डोळ्याला पदर लावला, आणि मग काहीतरी करायला हवं म्हणून पोचा पडलेला तांब्या घासायला घेतला. शालूनं पीठ काढलं. काटवट पुढं ओढली तर गेणू म्हणाला, "सर तिकडं. मी मळतो." आणि त्या दिवशी दार लावायचं कुणालाच सुचलं नाही. येसूबाई रस्त्यावरून गेली, थांबली, बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर जे काही सांगायचं ते सगळं सांगितलं. शालूला त्याचं काही वाटलं नाही.

पाडव्याला वडगावला शाळेचा पहिला थर बसला. अंबाजी मेस्त्रींनी कागद वाचून घेतला, दोनदा मान हलवली आणि खिशात घातला. जड दगड बजरंग उचलून आणून ठेवायचा, आणि गेणू तो फिरवून, बघून, हवा त्या अंगावर बसवायचा. बजरंग कुरकुरत होता, की मी हमाल आणि ह्यो नवरदेव. तेवढ्यात फाटकातून काठीचा आवाज आला. शिदू आला होता, हिरी मागं. दत्तोबा चिठ्ठी घेऊन खरंच ठाकरवाडीवर चढून गेले होते. उतरताना मात्र त्यांना दोन ठाकरांनी पाठीवर घेतलं. मेस्त्रींनी शिदूला गोणपाटावर बसवून चिपा काढायला दिल्या, आणि पहिलीच चीप अशी बेतानं निघाली, जशी मापानं कापलेली. चीप हातात वर धरून त्यानं कोपऱ्याकडं बघितलं. "गेणूभाऊ," तो म्हणाला, "म्हशीला आनू का?"

सगळं काम हसलं. गेणू सगळ्यांत जास्त.

शालूही कामावर होती. मेस्त्रींना घमेली वाहायला बाया कमी पडत होत्या, म्हणून त्या दिवसापुरती ती लागली होती. पहाटे उठून तिनं गोठा काढला होता, सडा घातला होता, भांडी घासली होती, चौघांच्या भाकरी बांधून आणल्या होत्या. दुपारी चिंगी तिच्या मागं मागं फिरत होती, आज शाळा नव्हती आणि शाळा इथंच होत होती. कोपऱ्यापाशी दोघी क्षणभर थांबल्या. कोपरा गुडघाभर वर आला होता. गेणूनं ओळंबा सोडला होता आणि तो स्थिर व्हायची वाट बघत उभा होता, एक डोळा मिटून. उन्हात त्याचा चेहरा असा दिसत होता, की शालूला डोक्यावरच्या चुन्याच्या घमेल्याचं वजन ध्यानातच राहिलं नाही.

चिंगी बापाकडं बघत होती. मग तिनं आईकडं बघितलं, घमेल्याकडं बघितलं. तिनं एक हात वर धरला आणि आजीनं केलं होतं तसं एकेक बोट मिटायला लागली.

"आये," ती म्हणाली, "बानं ओझं उचलायचं न्हाई. त्यो कसबाचं करतो."

"व्हय."

"झाडलोट, भांडी, शेणगोठा, डोक्यावर ओझी. ते आजी म्हनली ते." बोटं मिटली होती. मूठ तशीच धरून तिनं मान वर केली. "ते समदं तू करतीस. मंग तुझ्या चिठ्ठीत काय लिवायचं गं?"